रामेश्वर, मार्गे भोकरदन

रामेश्वरचं देऊळ, तिथली कुंडं, समुद्रावरचा पूल हे सगळं तुम्ही मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगलं पाहिलेलं असणार, त्यामुळं त्यावर मी शाई खर्च करणार नाही. आमच्या मोटारसायकलच्या सफरीतला जो भाग जगात अजून कुणीच लिहिलेला नाही तेवढाच लिहितो. तो भाग म्हणजे जालना जिल्ह्यातून बाहेर पडणं. हिमालय चढलेल्यांची पुस्तकं निघाली, खाडी पोहलेल्यांचे सत्कार झाले. पण नवरा, बायको, एक मोटारसायकल आणि वाटेवर नातेवाईक, एवढ्या प्रतिकूल परिस्थितीत जालना जिल्हा ओलांडून दाखवणाऱ्याला अजून कुणी शालही पांघरवलेली नाही.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. आमच्या भागात पाणी किती आणि त्याला बांध घालायची पाळी कितीदा येते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना मी तिथं जन्मभर काय केलं ते सांगायला नको. खिडकीशी बसून ढग ओळखायला शिकलो. निवृत्त झालो तसा दुकानात गेलो आणि तिथली सगळ्यात जड मोटारसायकल घेऊन आलो. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, गाडीला पहिल्या दिवसापासून म्हैस म्हणते. वजन म्हशीचं, आवाज म्हशीचा, आणि ओल दिसली की बसकण मारायची हौसही म्हशीचीच.

पुण्याचा पोरगा फोनवर म्हणाला, "पप्पा, तुमच्या वयाची माणसं काशीला जातात."

मी म्हटलं, "म्हणूनच मी उलट्या दिशेनं रामेश्वरला जातो."

त्यानं हताश होऊन दोन जाकिटं पाठवली. खांद्याला, कोपराला, पाठीला आत फळ्या बसवलेली. ते घालून सुमन जालन्यातल्या मस्तगडच्या आमच्या गल्लीत उतरली तेव्हा समोरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं बाई, कुणी मारलं का काय?"

आता खरी गोष्ट. निघायच्या आदल्या दिवशी पोळ्या लाटता लाटता सुमन म्हणाली, "आधी भोकरदनला जाऊ."

रामेश्वर जालन्याच्या दक्षिणेला. भोकरदन उत्तरेला. मी नकाशा उलटा धरून पाहिला, तरी जमेना.

"तिथं आता कोण आहे आपलं?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली. भोकरदन तिचं माहेर. आई जाऊन काही वर्षं झाली. भावानं घर विकलं आणि तो पुण्याला मुलाकडं गेला. तेव्हापासून भोकरदनचं नाव आमच्या घरात निघालं की कुणीतरी विषय बदलायचं. बहुतेक वेळा मीच.

"कोणी न्हाई," सुमन म्हणाली. "पण लांबच्या वाटेला निघाले मी. लेकीची बोळवण माहेरानं करायची असते. ओटी भरायची, हातावर दही-साखर घालायची, शिवेपर्यंत सोबत यायचं, आणि दिसेनाशी होईस्तोवर हलायचं न्हाई. आई एसटी स्टँडवर उभी राहायची. वळणावर गाडी वळली तरी मला तिच्या पदराचा कोपरा दिसायचा."

"मग?"

"मग काही न्हाई. कुणीतरी बोळवण केल्याशिवाय मी जिल्ह्याची शीव ओलांडणार न्हाई."

आणि तिनं पोळी उलटली. एवढी लहानशी गोष्ट म्हणून मी होकार दिला.

भोकरदन

सकाळी गल्लीच्या तोंडाशी पानवाल्यानं विचारलं, "कुठं निघाले, साहेब?"

"रामेश्वरला!"

"मंग भोकरदन नाक्याकडं कायला चालले?"

त्याला सगळं समजावत बसलो असतो तर रामेश्वर राहिलं असतं. हात हलवला आणि निघालो.

मार्गशीर्षातली थंडी होती. राजूरच्या वाटेवर दोन्हीकडं ज्वारी उभी, कणसात दूध भरलेलं, आणि थंडी अशी की माझी मिशी काचेसारखी वाजत होती. राजूरला गणपतीपुढं सुमननं हेल्मेटसकट हात जोडले. मागून एक म्हातारा म्हणाला, "बाई, डोक्यावरचं काढा, देवाला तोंड दिसू द्या." तिनं काढलं, पुन्हा हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभी राहिली. काय मागितलं ते विचारलं नाही. मी माझ्यापुरतं चाक पंक्चर होऊ नये एवढंच मागितलं. देवावर उगाच भार टाकू नये.

भोकरदनला बाजाराच्या मागच्या गल्लीत म्हैस उभी केली. सुमन उतरली आणि वर पाहत राहिली. तिचं घर नव्हतं. तिच्या घराच्या जागी दोन मजले होते. खाली मोबाइलचं दुकान, वर स्पर्धा परीक्षांचा क्लास. जिन्यातून पन्नास पोरांचा पाढा म्हणावा तसा आवाज येत होता.

ती जिना चढून गेली. मीही मागून. क्लासचे सर बाहेर आले. तरुण होते, खडू लागलेले हात पँटला पुसत म्हणाले, "ॲडमिशन का? कोणती बॅच पाहिजे?"

"सकाळची," सुमन म्हणाली.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगी."

"मुलींना फीमध्ये सवलत आहे, मॅडम. कोणती परीक्षा द्यायचीय?"

सुमन आत बघत होती. फळा होता तिथं पूर्वी चूल होती, हे मला ठाऊक. जावई म्हणून पहिल्यांदा आलो तेव्हा त्या चुलीपुढं पाटावर बसून मी एका बैठकीत एकवीस पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. सासूबाई शेवटपर्यंत नऊच म्हणायच्या. ती त्यांची माया. जावयाला दृष्ट लागू नये म्हणून.

"पाणी मिळेल का?" सुमननं विचारलं.

सरांनी बंद बाटली आणून दिली. ती दोन घोट प्याली. "मागं आड होता. आहे का?"

"आड? तो बुजवला की. तिथं पार्किंग आहे. तुमची गाडी लावलीय ना, तिथंच."

म्हणजे माझी म्हैस माझ्या सासूच्या आडावर उभी होती. खाली येऊन मी ती हळूच दोन हात पुढं ढकलली. सुमन हसली. हसण्यासारखंच होतं ते, पण तिचं हसू पुरं झालं नाही.

जाफराबादच्या अलीकडं

मी हार मानणारा माणूस नाही. तिथून तासाभरावर, जाफराबादच्या अलीकडं एका गावात तिचा चुलतभाऊ दिनकर शेती करतो. चुलत असला तरी भाऊच. मी म्हैस तिकडं वळवली.

दिनकरनं आम्हाला घरी नेलंच नाही, सरळ शेतात नेलं. हुरड्याचे दिवस. गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, आणि लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा यांच्याबरोबर फक्के मारायचे. पुण्यामुंबईत आता हुरडा पार्टीचं तिकीट काढतात म्हणे. आमच्याकडं तिकीट नाही, पण उठूही देत नाहीत. मी किती खाल्ला ते सांगत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही; एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी त्या शेतावर पाखरं आली आणि रिकाम्या पोटी परत गेली.

"दाजी, अजून घ्या," दिनकर म्हणायचा आणि नवं कणीस चोळायचा.

सुमन बांधावर बसून त्याच्याशी लहानपणचं बोलत होती. कोणती चिंच कुणाच्या वाट्याची होती, कुणी कुणाला शेणात ढकललं. मला वाटलं, झालं आपलं काम. सकाळी ओटी भरली की दक्षिणेकडं तोंड.

सकाळी उठलो तर घरात लगीनघाई. खरीच. चिखलीला दिनकरच्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न, जीप दारात उभी. वहिनीनं मोबाइल खांदा आणि कानात धरला, एका हातानं पोराच्या शर्टाची बटणं लावली आणि दुसऱ्या हातानं सुमनच्या ओटीत तांदूळ, नारळ, ब्लाऊजपीस घातलं.

"हां हां, निघालोच. हळद आणलीय. नाही गं, तुला नाही, वन्संला म्हणते. वन्सं, पुन्हा या बरं का! निवांत या!"

कुलूप लागलं. सगळे जीपमध्ये बसले. दिनकर खिडकीतून ओरडला, "दाजी, सांभाळून जा!" आणि जीप धूळ उडवत गेली.

बोळवण करणारे आधी निघून गेले आणि आम्हीच दोघं गावाच्या शिवेवर उभं राहून त्यांना हात हलवत होतो. जीप दिसेनाशी झाली तरी सुमनचा हात वरच होता.

"झाली ना ओटी भरून?" मी म्हटलं.

"झाली."

तो आवाज ऐकून मला कळलं की झाली नाही.

नारळांचा दिवस

इथं माझ्या डोक्यात एक कल्पना आली. माझ्या कल्पनांबद्दल खात्यातली मंडळी अजून बोलतात.

आमच्याकडं सवाष्ण दारात आली की कोणतंही घर तिची ओटी भरतं, ओळख लागत नाही. मग एकच माहेर कशाला धरून बसायचं? एका वहिनीनं घाईत भरली तर दहा बायका सावकाश भरतील! मी वाटेतल्या पहिल्या टपरीवर चहा घेताना टपरीवाल्याच्या बायकोला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "ताई, लांबच्या वाटेला निघालो. आमच्या हिला माहेर राहिलं नाही हो." बस. बाई डोळ्याला पदर लावून आत गेली आणि ताट घेऊनच बाहेर आली.

सुमन चकित. "किती चांगली माणसं!"

"अगं, आपला जिल्हाच तसा," मी म्हटलं.

पुढच्या गावात गिरणीवाली. त्याच्या पुढं एक मास्तरीणबाई. मग मोसंबीच्या बागेत राखणदाराची बायको; तिच्याजवळ नारळ नव्हता, तर तिनं ओटीत पाच मोसंब्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी सुमन वाकून नमस्कार करायची आणि उठताना क्षणभर त्या बाईच्या तोंडाकडं पाहायची. दुपारपर्यंत म्हशीच्या दोन्ही पेट्या भरल्या, मागं एक पोतं बांधलं, माझ्या जाकिटाच्या आत एक नारळ आणि सुमनच्या मांडीवर दोन. जिथं नारळाची झाडं मोजता येत नाहीत त्या मुलखात आम्ही जालन्याहून नारळ घेऊन निघालो होतो. चाकं अशी दबली की रस्त्यावर आमच्या मागं नांगरट झाल्यासारखी दिसत होती.

जालन्याच्या बायपासला लागण्याआधी एक गतिरोधक आहे. रंग नाही, पाटी नाही, आकार उंटाचा. म्हैस त्याच्यावर चढली, उतरली, आणि बसली. आम्ही दोघं शेजारच्या मऊ मातीत. पोतं फाटलं आणि नारळ उतारावरून असे सुटले की जणू त्यांनाच रामेश्वरला आधी पोचायचं होतं. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. अख्खी गाडी खाली उतरली आणि नारळ पकडायला धावली.

आम्हाला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं. पोराच्या फळ्या कामाला आल्या. सुमनच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या फुटल्या होत्या.

एक जाडजूड बाई दोन नारळ काखेत घेऊन आली आणि सुमनची पाठ चोळत म्हणाली, "लागलं न्हाई ना, माय? म्या तुम्हाला सकाळी टपरीवर पाह्यलं. तुमचे मालक सांगून राह्यले होते ना, माहेर न्हाई म्हणून. लई वाईट वाटलं बगा. हे घ्या तुमचे नारळ."

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी रस्त्याकडं पाहिलं.

"सगळीकडं सांगितलं?"

"सगळीकडं कुठं... मोसंबीवाल्या बाईला मी काही बोललो नव्हतो." ते खोटं होतं.

"म्हणजे तुम्ही माझं माहेर मागत फिरत होते."

"मागितलं नाही गं. नुसतं सांगितलं."

"सांगितलं की बाया भरणारच. मला वाटलं, माझ्या तोंडाकडं पाहून भरून राह्यल्या." तिनं बांगडीची काच मनगटावरून झटकली. "नारळ पाहिजे होता का मला? नारळ बाजारात मिळतो, अहो. जाताना कुणी ‘एक दिवस थांब की’ म्हणणारं पाहिजे होतं. तुमच्या एवढ्या नारळांत एक तरी बाई म्हणाली का तसं?"

मी जाकिटातला नारळ काढून बाकीच्यांत ठेवला. साक्षीला अख्खी एसटी होती.

सगळे नारळ तिनं कंडक्टरच्या हवाली केले. गाडीत ते देवाचा प्रसाद म्हणून वाटले गेले असं मागाहून कळलं. मग ती मागच्या सीटवर बसली.

"घरी जाऊ?" मी विचारलं. घर तिथून दिसत होतं म्हणा.

"उघड्या हातानं घरात पाऊल टाकणार न्हाई. आधी बांगड्या भरते."

"जालन्यात मिळतात की."

"अंबडला चला."

का, हे विचारायची माझी टाप नव्हती. बायको मागं गप्प बसली की गाडीवर जे वजन पडतं, त्यापुढं नारळ म्हणजे कापूस.

अंबड

देवीच्या डोंगराच्या पायथ्याकडं जाणाऱ्या वाटेवर बाजार आहे, तिथं बांगड्यांची दुकानं. सुमन पहिलं दुकान सोडून, दुसरं सोडून तिसऱ्यात शिरली. आत चष्म्याची दोरी गळ्यात घातलेली एक बाई बसली होती, आमच्याच वयाची, तोंडात पान. तिनं वर न बघता सुमनचा हात ओढला, बोटं दाबून मऊ केली आणि हिरवी बांगडी उचलली.

"आई गं!" सुमन किंचाळली.

बांगडी अजून बोटाला टेकलीही नव्हती.

त्या बाईनं हात सोडला. चष्मा लावला. "चूड़ी हात में गई भी नै और चिल्लाती," ती सावकाश म्हणाली. "ऐसी दुनिया में एकीच थी. भोकरदन की सुमी है क्या गे तू?"

सुमननं हात तसाच पुढं धरला होता. ती नुसती मान हलवत होती.

ही शकीला. भोकरदनला भिंतीला भिंत लागून घर. शकीलाची आई टोपलीत बांगड्या घेऊन दारोदार फिरायची, आणि या दोघी तिच्या मागं. शकीला अंबडला दिलीय एवढं सुमनला माहीत होतं. त्याच बाजारात, त्याच दुकानात हेही माहीत होतं की काय, हे ती आजतागायत सांगत नाही.

"जालने में रहती?" शकीला ओरडली. "जालने में? और इत्ते सालां में अंबड आना नै हुआ तेरे से? दिल्ली है क्या अंबड?"

"तू तरी कुठं आलीस?"

"मेरेकू क्या मालूम! तेरा भाई बोला, बंबई में दिए. मैं बोली, गई अपनी सुमी, अब क्या हात को लगती." मग माझ्याकडं वळून, वरपासून खालपर्यंत फळ्यांचं जाकीट पाहून म्हणाली, "और ये कौन? दुल्हेभाई? क्रिकेट खेलते क्या?"

दुल्हेभाई. सासूबाई गेल्यापासून मला भोकरदनच्या कुणी जावई म्हणून हाक मारलेली नव्हती. मी छाती फुगवली. फळ्या होत्याच.

दुकानाच्या मागं घर. शकीलाचे मालक रशीदभाई यांनी म्हशीभोवती एक फेरी मारली आणि जो प्रश्न काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक माणूस विचारतो तोच विचारला, "कित्ता देती?"

मी खरा आकडा सांगितला. त्यांना माझ्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. त्यांची जुनी मोपेड भिंतीला टेकून उभी होती. "ये नुसता वास घेऊन अंबड ते जालना जाती," ते म्हणाले. बढाई मारण्यात माझ्या तोडीचा माणूस मला उभ्या सफरीत हा एकच भेटला.

जेवायला खिचडी आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ, वरून कांदा, मिरचीची फोडणी. आमच्या आमटीचाच चुलतभाऊ, पण स्वभावानं तापट. सुमन ते असं भुरकत होती की मी तिला तसं जेवताना कधी पाहिलं नव्हतं. दोघी एका ताटाशी बसल्या होत्या आणि एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. कुणाची वेणी कुणी कापली यावरून चांगलंच भांडण झालं. मी मध्ये बोललो तर दोघी माझ्यावर उलटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हैस पुसून तयार ठेवली. सुमननं जाकीट चढवलं. शकीला दारात आडवी उभी राहिली.

"किधर?"

"रामेश्वर," मी म्हटलं.

"आज नक्को. आज रुक जा गे, सुमी. कल जा."

सुमन उंबऱ्यात थिजून उभी राहिली.

मी घड्याळ दाखवलं. "भाभी, आधीच उशीर झालाय. रामेश्वर..."

"रामेश्वर कहीं भाग को जारा क्या? कित्ते जुगां से वहींच है ना?"

सुमननं एका हातानं जाकिटाची चेन खाली ओढली. एवढंच. आत जाऊन ओट्याजवळ बसली आणि लसूण सोलायला घेतला, न सांगता, त्या घरात रोज सोलत असल्यासारखा.

आम्ही थांबलो. एक दिवस नाही, दोन. रशीदभाई आणि मी एकमेकांना थापा मारत गावभर हिंडलो.

शहागडचा पूल

निघायच्या सकाळी शकीलानं आपल्या हिरव्या ओढणीची एक पट्टी फाडली. चांगल्या, नव्या ओढणीची. त्यात एक रुपयाचं नाणं गुंडाळलं आणि सुमनच्या उजव्या दंडाला, जाकिटावरूनच, घट्ट बांधलं. बांधताना ओठ हलत होते.

"इमाम-ज़ामिन है," ती म्हणाली. "हमारे में सफर को निकले के बांधते. तेरे में क्या भरते मेरेकू मालूम है, पर मेरेकू जो आता वोइच मैं करूँगी ना? सुन. पहुँचे बिगैर खोलनेका नै. पहुँच गई के खोलना, रुपया किसी गरीब को देना. समझी?"

"समझी," सुमन म्हणाली.

नमस्कार करायला ती वाकली तर शकीलानं तिला वरच्या वर धरलं, आणि दोघी तशाच राहिल्या. रशीदभाई आणि मी टायरची हवा पाहत बसलो. पुढच्या टायरची पाहिली, मागच्या टायरची पाहिली, मग मोपेडचीही पाहिली.

अंबडच्या वेशीपर्यंत येते म्हणून शकीला मोपेडवर रशीदभाईंच्या मागं बसली. वेस आली, ती उतरेना. वडीगोद्री आली. "थोडा और," ती म्हणाली. तुम्हाला सांगतो, साऱ्या सफरीत एवढं हळू मी कुठंच चालवलं नाही. बैलगाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या. एका कुत्र्यानं आमचा पाठलाग सुरू केला, आणि कंटाळून तो पुढं निघून गेला. उसाच्या, मोसंबीच्या मधून मोपेड फुरफुरत होती, तिच्याबरोबरीनं माझी म्हैस पहिल्या गिअरमध्ये, आणि त्या दोघी दोन गाड्यांवरून रस्त्याच्या मध्ये बोलत होत्या. लोणच्याविषयी. फक्त लोणच्याविषयी.

शहागडला गोदावरीवर पूल आहे. पलीकडं बीड जिल्हा. पुलाच्या तोंडाशी मोपेड थांबली.

"बस," शकीला म्हणाली. "इसके आगे तू जा."

मी म्हैस पुलावर घातली. सुमन मागं वळून बसली होती, पूर्ण वळून. तोल जातो, सरळ बस, असं मी नेहमी ओरडतो. त्या दिवशी ओरडलो नाही. आरशात दिसत होतं: पुलाच्या टोकाशी एक बाई उभी, फाटकी हिरवी ओढणी डोक्यावर धरून. नदीवरचा वारा ती ओढणी उडवत होता. पूल संपला तरी ती दिसत होती. रस्ता डावीकडं वळला. आरशात आता नुसत्या बाभळी होत्या, पण सुमन वळलेलीच बसली होती, आणि मला पाठीला तिचा खांदा लागत होता. तो हलत होता.

मी वेग वाढवला नाही. गेवराई येईपर्यंत तरी नाही. माझ्यासाठी हा विक्रमच.

पुढचं

पुढं सोलापूर, विजापूर, मदुराई, सगळं नकाशात आहे. धनुष्कोडीला रस्ता संपतो. तीन बाजूंनी पाणी, म्हशीला पुढं जायला जागा नाही. मी म्हटलं, "घे, पोचलो. सोड ते दंडावरचं. तो बघ, म्हातारा बसलाय, त्याला दे रुपया."

सुमननं म्हाताऱ्याला आपल्या पर्समधून पैसे दिले. पट्टीला हात लावला नाही. "पोचलो कुठं? परत जायचंय अजून."

बरोबरच होतं तिचं. परतताना तिनं शहागड-अंबडचा रस्ता घेऊ दिला नाही. हैदराबाद, नांदेड, परभणीवरून लांबचा फेरा घालून आम्ही मस्तगडला आलो. का, ते मला परवा कळलं.

परवा सकाळी ती ओट्यापाशी होती. साडीवर ती हिरवी पट्टी दंडाला तशीच. फोन वाजला. हात कणकेचे म्हणून तिनं स्पीकरवर टाकला.

"सुमी? पहुँची क्या गे?"

सुमननं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

"न्हाई गं. अजून वाटेतच आहे."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. लांबलचक.

"ये क्या बजा?"

"रेल्वे आहे. फाटकात थांबलोय आम्ही."

खाली गल्लीत मेथीवाली ओरडत होती.  पलीकडं शकीलाला ती ऐकू आलीच असणार. आमच्या मेथीवालीचा आवाज अंबडला फोनशिवायही जातो.

"अच्छा," शकीला म्हणाली. "कौनसा गाँव आया?"

"काय माहीत. पाटी दिसली न्हाई."

"तो आराम से आ. जल्दी कुछ नै," शकीला म्हणाली. "मैं खड़ीच हूँ."